पोस्टमनच्या घरचं बैरंग पत्र

रिटायर्ड पोस्टमनला जाऊन आठवडाही झाला नव्हता आणि त्याच्या बायकोने भर जिन्यात पैज लावली.

झालं असं, की बिल्डिंगचा सेक्रेटरी शोकसभेचं भाषण घेऊन आला. "वहिनी, तुम्ही नुसतं बसायचं. मी लिहिलंय सगळं. शांत, मितभाषी, देवमाणूस..."

"कोण? आमचे हे?" वहिनींना ठसकाच लागला. "अहो, कुत्रं भुंकलं तर हे उलटे भुंकायचे त्याच्यावर! मेल्यावर गाय करताय होय त्यांची?"

"मग काय, शोकसभेत लोकांना हसवायचं?"

"लोकांचं सोडा, तुम्हीच हसाल. लावता पैज?"

सेक्रेटरीने मिशीवर हात फिरवला. "हसलो तर सगळ्यांदेखत ही उतरवीन. नाही हसलो, तर माझंच भाषण. आणि तुम्ही गप्प."

वहिनींनी मनातल्या मनात हिशेब केला. हरल्या तर गल्लीच्या लक्षात तो कागदी देवमाणूसच राहणार. पण माघार घेतील त्या वहिनी कसल्या!

हॉल गच्च भरला. सेक्रेटरी पुढच्या रांगेत, दगड होऊन बसलेला. वहिनी उठल्या तशी लेकीने हात ओढला. "आई, बस ना!"

"गप गं. माझा नवरा आहे." आणि त्या सुरू झाल्या.

"आमचं भांडण झालं की हे बोलायचे नाहीत. कार्ड लिहून पेटीत टाकायचे, आणि दुसऱ्या दिवशी खाकी घालून स्वतःच दारात. 'बाई, पत्र!' मी काय कमी आहे? उत्तर धाडायची, पण बिनतिकिटाचं. बैरंग! घेणाऱ्याने दुप्पट पैसे भरायचे. मग हे दारात येऊन, ओळख नसल्यासारखं, 'यजमान आहेत का? त्यांना दंड आहे.' मी म्हणायची, 'मेला उंडारतोय कुठेतरी.'"

हॉल खदखदला. सेक्रेटरीने ओठ चावला.

"एकदा तर पैसे भरेचनात. 'घेण्यास नकार' असं लिहून माझं पत्र मलाच परत! आणि झोपताना हळूच विचारतात, 'काय लिहिलं होतंस गं?' मी म्हटलं, 'ऑफिसच्या वेळात या!'"

सेक्रेटरीच्या नाकातून आधी शिट्टी वाजली. मग तो असा फुटला, की खुर्चीच मागे गेली.

पैजेचं ऐकून कोपऱ्यावरचा सलूनवाला सामान घेऊनच आला होता. फोटोसमोर खुर्ची मांडली, सेक्रेटरीच्या गळ्याला टॉवेल बांधला, तोंडाला फेस फासला.

"वहिनी, तुम्ही थांबू नका हो!" मागून कुणीतरी ओरडलं. "पुढे?"

वहिनींनी डोळे पुसले आणि पुढचं भांडण सांगायला घेतलं.

"साहेब, आता हसायचं नाही," सलूनवाला कळवळून म्हणाला. "हातात वस्तरा आहे!"