पूर्णा चषक कोणी जिंकला?

पूर्णा चषकाचा शेवटचा सामना कोणी जिंकला, हे मला अजूनही कळलेलं नाही. ज्या दोघांना विचारावं, ते दोघेही आपण हरलो असं छातीठोकपणे सांगत होते. हरायची एवढी हौस मी दुसरीकडे कुठे पाहिली नाही.

एक माझे बाबा, धर्मपाल, बडनेऱ्याच्या फुटबॉल संघाचे कप्तान. दुसरे अकोटचे गोलकीपर शेषरावकाका. सामना बरोबरीत सुटला, पेनल्ट्या झाल्या, शेवटची बाबांनी मारली. चेंडू खांबाला लागून रेषेवर पडला आणि काकांनी त्यावर अंग टाकलं. आत गेला असेल तर बडनेरा जिंकणार, नाहीतर अकोट. पंचांना धुळीत काही दिसलं नाही. असं झालं की मारणाऱ्याला आणि अडवणाऱ्याला विचारायचं, ही आमच्याकडची रीत. बाबा म्हणाले, गोल नाही. काका म्हणाले, गोल आहे. पंच डोक्याला हात लावून खालीच बसले.

घोडं अडलं होतं भलतीकडेच. जिंकेल त्यानं पुढच्या वर्षीचे सामने भरवायचे, सगळ्या संघांना जेवू घालायचं. त्या साली बाबांची रेल्वेतली बदली भुसावळला ठरलेली, तर काकांची कापसाची जिनिंग बंद पडलेली. तू जिंकलास, नाही तूच, यावरून हे जिवाभावाचे दोस्त बोलेनासे झाले. स्पर्धाही तिथंच संपली.

आता बाबांचं हृदय थकलंय. फार दिवस नाहीत, असं डॉक्टरांनी मला बाजूला घेऊन सांगितलं. बाबांचं मात्र एकच चाललंय, "एकदा चषक पाह्यतो वं, दीक्षा." पण भरवायचा कोणी? मी तणतणत अकोटची एसटी धरली.

"गोल होता," काका दारातच म्हणाले. "चेंडू माह्या पोटाखाली होता, मले मालूम नाई का?"

मी डॉक्टर काय म्हणाले ते सांगितलं. काका उंबऱ्यावरच बसले.

"गोल नव्हता," ते म्हणाले. "म्या अडोला. आमी जिंकलो. सामने अकोटले होतीन, त्याले गाडी करून घेऊन ये."

माझं डोकं गरगरलं, पण आनंदही झाला. घरी येऊन बाबांना सांगितलं, तर ते उशी ढकलून उठून बसले.

"खोटं बोलून राहिला तो! गोल होता. म्या मारला, मले नाई दिसला? सामने बडनेऱ्यातच होतीन. फोन लाव त्याले."

मी लावला. इतक्या वर्षांनी दोघे बोलले ते भांडायलाच. आम्ही जिंकलो, नाही आम्ही. मला हसू आवरेना आणि रडूही.

"बरं, दिवाळीनंतर धरू," शेवटी बाबा म्हणाले.

"नाई. याच रविवारी," पलीकडून काकांचा आवाज आला.

बाबांनी फोनवर हात ठेवला आणि गोंधळून माझ्याकडे पाहिलं.

"एवढी कायची घाई झाली वं याले?"