साहेबांची खात्री

सगळं ठरत आलं की माशी शिंकायची. मुलाखत छान व्हायची, कधीपासून येता म्हणूनही विचारायचे, आणि मग माझ्या जुन्या साहेबांना फोन लावायचे. झालं! साहेब सांगायचे, "कामाला वाघ आहे. पण पलंगाचा कठडा खाली सोडून गेली आणि आजोबा पडले." असल्या बाईला कुठला वृद्धाश्रम ठेवून घेणार?

कठडा मी वर केला होता हो! खापर मात्र माझ्या डोक्यावर फुटलं. नवरा म्हणाला, खेच त्याला कोर्टात. वकीलबाईंनी हात टेकले. "मालकाला मनापासून खरं वाटतं ते त्यानं सांगितलं, तर कायदा त्याच्या पाठीशी असतो. खोटं आहे हे माहीत असून सांगितलं, तरच काही करता येईल." आणि हा मेला माणूस प्रामाणिक! लबाड असता तर बरं झालं असतं.

परवा त्या आजोबांची बायको बाजारात भेटली आणि माझा हात धरून रडायलाच लागली. नवऱ्याजवळ बसता यावं म्हणून कठडा तिनंच खाली केला होता. मुलांच्या धाकानं गप्प राहिली. तिच्यावर चिडावं की तिला मिठी मारावी, मला कळेना. "आजी, साहेबांना एवढं सांगा," म्हटलं. शहरातला एकच वृद्धाश्रम आता उरला होता, आणि तिथून त्याच दिवशी साहेबांना फोन येणार होता.

साहेबांच्या ऑफिसचा जिना आजींना चढवताना माझ्या नाकी नऊ आले. साहेबांनी खुर्च्या दिल्या, पाणी दिलं.

"साहेब, तो कठडा..." आजींनी सुरुवात केली, आणि फोन वाजला.

साहेबांनी रिसीव्हर उचलून त्यावर तळवा दाबला. "आजी, आत्ता काही सांगू नका. आमच्या वकिलांनी बजावलंय, जे माहीत आहे तेवढंच बोलायचं. तुमचं ऐकून बसलो तर या फोनवाल्यांना काय सांगू?"

"अहो, कठडा यांनी खाली केला होता!" मी ओरडले.

"तुम्ही तसं म्हणणारच," साहेब म्हणाले, आणि आमच्याकडे पाठ करून फोनवर तीच कठड्याची गोष्ट हळू, जपून सांगू लागले. माझ्याबद्दल त्यांना खरंच वाईट वाटत होतं, तेही सांगितलं. आजी टेबलावर हात आपटत होत्या. मी खाली बसले.

साहेबांनी फोन ठेवला, चष्मा पुसला आणि खुर्ची आजींजवळ ओढली.

"हं आजी," ते म्हणाले, "आता सांगा."