रिकाम्या दाराचा शॉट

“टक्कल पडलंय की रे त्याला!” मेधा कुजबुजली, आणि प्रल्हादला एकदम बरं वाटलं.

स्टेजवर खुर्ची ओढून बसलेला एरास्मो क्विंतेरो खरंच थोराड दिसत होता. पोट सुटलेलं, डोळ्यांखाली पिशव्या. पण त्याने हात उंचावला तसं अख्खं थिएटर टाळ्या वाजवायला लागलं आणि प्रल्हादचं बरं वाटणं तिथल्या तिथे विरलं.

डब्लिनच्या चित्रपट महोत्सवात यंदा एरास्मोचे तिन्ही सिनेमे होते. फेब्रुवारीतल्या शनिवारची दुपार. मेधा टॅला उपनगरातल्या हॉस्पिटलमधली रात्रीची ड्यूटी संपवून, जेमतेम डुलकी काढून आली होती. “तू एकटा गेलास तर आठवडाभर घरात धुमसत बसशील. त्यापेक्षा मी येते,” असं ती म्हणाली होती, आणि त्यात खोटं काहीच नव्हतं.

नऊ वर्षांपूर्वी हा एरास्मो डब्लिनमधल्याच रॅथमाइन्सच्या एका घरात प्रल्हादच्या शेजारच्या खोलीत राहायचा. एका हॉटेलात भांडी घासायचा, सकाळी इंग्रजीच्या क्लासला जायचा. प्रल्हाद नागपूरहून नुकताच सॉफ्टवेअरच्या नोकरीवर आलेला. नागपुरात फिल्म सोसायटी चालवणारा, परदेशात चार पैसे साठवून पुढेमागे सिनेमाच करायचा असं पक्कं ठरवलेला. दोघांची गट्टी जमायला वेळ लागला नाही. रविवारी उसना व्हिडिओ कॅमेरा आणून ते त्याच घरात एक छोटी फिल्म करायला लागले. वरच्या मजल्यावरच्या मिसेस डोलन त्यात काम करायच्या. कॅमेरा प्रल्हादच्या हातात. एरास्मो त्याला म्हणायचा, “डोळा तुझ्याकडे आहे. मी नुसता बडबड्या.”

मग एरास्मोचा व्हिसा संपला. तो टेप घेऊन मेक्सिकोला परत गेला, आणि प्रल्हाद डब्लिनमध्ये राहिला.

दोन हजार एक साली एरास्मोचा पहिला सिनेमा आला. पुएब्ला या त्याच्या शहरातल्या एका बस ड्रायव्हरची, म्हणजे स्वतःच्याच बापाची गोष्ट. पेपरवाल्यांनी डोक्यावर घेतला. त्यातल्या एका शॉटवर तर लेखच्या लेख आले. माणूस खोलीतून निघून जातो, कॅमेरा मात्र रिकाम्या दारावर थांबून राहतो, आणि बाहेरून नुसते आवाज येत राहतात. प्रल्हादने तो सिनेमा एकट्याने पाहिला. घरी येऊन ताट पुढे सरकवलं आणि म्हणाला, “माझा शॉट आहे तो. रॅथमाइन्सला मी लावला होता. मुद्दाम कॅमेरा चालू ठेवला होता मी.”

त्यानंतर हे वाक्य मेधाने किती वेळा ऐकलं याला गणती नव्हती. गणपतीच्या जेवणात, ऑफिसातल्या पियूषपाशी, भारतातून आलेल्या पाहुण्यांपाशी. एरास्मोचा दुसरा सिनेमा पडला, तेव्हा प्रल्हादने घरी श्रीखंड केलं. का, ते सांगितलं नाही. तिसऱ्याला युरोपातलं मोठं बक्षीस मिळालं, तेव्हा तो दोन दिवस घशाचं निमित्त करून बोललाच नाही. एरास्मोची मुलाखत दिसली की तो आधी एकच गोष्ट शोधायचा, आपलं नाव. पुएब्लाचं नाव असायचं, आईचं, शाळेतल्या मास्तरांचं, हॉटेलातल्या आचाऱ्याचंसुद्धा. त्याचं कधीच नसायचं.

“चोर आहे साला,” तो म्हणायचा.

आता प्रश्नोत्तरं चालू झाली. पुढच्या रांगेतल्या एका मुलीने तोच प्रश्न विचारला. “तो दाराचा शॉट तुम्हाला सुचला कसा?”

प्रल्हाद ताठ बसला. मेधाने त्याच्या हातावर हात ठेवला.

“मला सुचला नाही,” एरास्मो म्हणाला. “याच शहरात मिळाला. आम्ही काही मुलं एका घरात राहायचो. एका रविवारी शूटिंग चाललं होतं. आमच्या म्हाताऱ्या शेजारीण बाई दारातून बाहेर गेल्या. इतक्यात खालचा फोन वाजला. कॅमेऱ्यावर माझा मित्र होता, त्याच्या घरून फोन होता. तो धावत गेला. कॅमेरा बंद करायचा राहून गेला.”

कुणीतरी हसलं. एरास्मो हसला नाही.

“रात्री मी टेप लावून बघितली. पडद्यावर नुसतं दार. आणि खालून त्याचा आवाज. त्याची भाषा मला येत नव्हती, एक अक्षर कळलं नाही. पण आधी तो मोठ्याने बोलत होता, मग हळू, मग नुसता हुंकार. दुसऱ्या दिवशी त्याने सांगितलं, वडिलांना अर्धांगवायू झाला. त्या दारावर मी एका मुलाला पाच मिनिटांत आपल्याच घराचा बाप होताना ऐकलं होतं. आजवर जे सिनेमे केले, त्यात तेवढंच पुन्हा मिळवायची धडपड केली. नाही मिळालं.”

“तो मित्र कोण?” मुलीने विचारलं.

“नाव मी कधीच घेत नाही. दुःख त्याचं होतं. ते विचारल्याशिवाय मी वापरलं, तेवढं पुरे झालं.”

मेधाने वळून नवऱ्याकडे पाहिलं. “हात वर कर ना,” असं तिच्या ओठांवर आलं होतं. त्याचा चेहरा पाहून तिने ते गिळलं.

बाहेरच्या हॉलमध्ये गर्दी होती. ते दोघे भिंतीच्या कडेने दाराकडे निघाले होते, तेवढ्यात एरास्मोने त्याला पाहिलं. सभोवारची माणसं हाताने बाजूला करत तो आला आणि त्याने प्रल्हादला घट्ट मिठी मारली. सोडल्यावर पहिला प्रश्न विचारला, “वडील?”

“गेले. दोन वर्षं अंथरुणात होते.”

एरास्मोने मान खाली घातली. “आणि तू?”

“बँकांचं सॉफ्टवेअर करतो. घर घेतलंय टॅलाला. ही मेधा.”

“पैसे घरी पाठवायचास ना तू? दर महिन्याला. मला आठवतं.”

“हो.”

पुढे काहीतरी बोलायला हवं होतं. इतकी वर्षं मनात घोळवलेली वाक्यं होती, इंग्रजीतसुद्धा तयार होती. त्यातलं एकही कामाचं निघालं नाही. महोत्सवाच्या बाई येऊन एरास्मोला कोपराला धरून घेऊन गेल्या. जाता जाता तो वळून वळून बघत होता.

टॅलाच्या ट्राममध्ये त्यांना शेजारी शेजारी जागा मिळाली.

“मला वाटायचं, कॅमेरा तू मुद्दाम चालू ठेवला होतास,” मेधा म्हणाली.

“मलापण तसंच वाटायला लागलं होतं.”

“बाबांच्या आजाराचा फोन आला तो हाच रविवार, हे तू कधी बोलला नाहीस.”

“त्या फोनचं मी काही लक्षातच ठेवलं नव्हतं गं. दार तेवढं ठेवलं.” मग तो म्हणाला, “सिनेमा चांगला आहे त्याचा. तिन्ही चांगले आहेत. दुसरापण.”

मेधाने त्याचा हात हातात घेतला. काही म्हणायच्या आतच रात्रीच्या जागरणाने तिचे डोळे मिटले आणि डोकं त्याच्या खांद्यावर कललं.

टॅलाचा शेवटचा थांबा आला. माणसं पिशव्या सावरत उतरली, डबा रिकामा झाला. ड्रायव्हर आपल्या केबिनमधून बाहेर आला, परतीच्या फेरीसाठी दुसऱ्या टोकाला निघाला होता. या दोघांना पाहून तो थबकला. “ऑल ग्रँड?” सगळं ठीक ना, असं त्याने विचारलं.

प्रल्हादने ओठांवर बोट ठेवलं. ड्रायव्हर हसून पुढे गेला. खांदा जराही न हलवता प्रल्हाद ताठ बसून राहिला, आणि ट्राम त्यांना घेऊन पुन्हा शहराकडे निघाली.