दोडक्याला झालेला डेंगू

इंझोरीच्या मारुतीच्या पारावर त्या सकाळी मुंगी शिरायला जागा नव्हती. कोरोनाची दुसरी लाट ओसरत आलेली, त्यात भादव्यातले डास. घरोघरी कोणीतरी तापाने फणफणलेलं. आणि पारावर बसलेले दोरेवाले महाराज हळदीत बुडवलेला पिवळाधमक दोरा नाचवत विचारत होते, "बोला, डासाचा ताप पाह्यजे का कोरोनाचा?"

लोक खदखदा हसले.

"दवाखान्यात नाकात काडी घालतात, रगत काढतात, अन मंग म्हणतात उद्या या. इथं मूठ उघडली की निकाल! दोरा लाल झाला तर डासाचा ताप. अंगारा खा अन कामाले लागा. पिवळा राह्यला तर कोरोना. फक्त हात धुवून येऊ नका. पाण्यानं परमाण पुसून जाते."

उज्ज्वलाच्या कपाळाला तिथेच आठी पडली. दीड वर्ष साऱ्या दुनियेने 'हात धुवा, हात धुवा' म्हणून कान किटवले, आणि या बुवाला नेमके न धुतलेलेच हात का हवेत?

आधी तिची सासू प्रयागबाई पुढे बसली. म्हातारीला ताप होता, खोकून खोकून बरगड्या दुखत होत्या. महाराजांनी तिच्या डाव्या तळहातावर दोरा ठेवला, पळीभर तीर्थ घातलं, मूठ मिटायला लावली. उघडली तर दोरा लालभडक! टाळ्यांचा नुसता कडकडाट.

मग उज्ज्वलाची सहावीतली अंजू बसली. डोळे तांबारलेले, अंग ठणकत होतं, पण खोकला नावाला नाही. तिच्या मुठीतला दोरा पिवळाच्या पिवळा. बाजूच्या बाया पदर सावरत मागे सरकल्या.

"वावरातल्या खोपडीत ठेवा पोट्टीले," महाराजांनी फर्मावलं. "भाकर दुरून सरकवा. अन दवाखान्यात नेलं तर थैलीत बांधूनच वापस येईन, सांगून ठेवतो!"

अंजूचा बाप चंपत ते ऐकून गारठलाच. त्याचा थोरला भाऊ उन्हाळ्यात दवाखान्यातून तसाच थैलीत परतला होता.

"खोकतात आत्याबाई, अन कोरोना पोरीले?" उज्ज्वलाने सासूकडे बोट दाखवत विचारलं.

"तू काय महाराजाहून जास्त शिकेल हायेस?" चंपत खेकसला. "चूप बस."

अंजूला दोडक्याच्या मांडवाशेजारच्या खोपडीत टाकलं. म्हातारी मात्र घरात, सगळ्यांच्या मधोमध बसून खोकत राहिली. दुसऱ्या दिवशी सकाळी उज्ज्वलाने दुरून भाकर सरकवायचा नियम झुगारला आणि थेट आत शिरली. पोरीने ओकून गोधडी भिजवली होती, हिरड्यांतून रक्त येत होतं.

"आई, पोट लय दुखून राह्यलं वं."

उज्ज्वला घराकडे धावली. चंपत पारावर तीर्थ वाटायला गेला होता, गाडीची चावी त्याच्याच खिशात. ओसरीवर प्रयागबाई तंबाखू घोटत बसली होती. डाव्या तळहातावर तंबाखू, बोटाने डबीतला चुना, मग अंगठ्याने रगडणं. उज्ज्वला जागीच थबकली. हळदीच्या डागाला साबण लागला की डाग लाल होतो, हे रोज धुणं धुणाऱ्या बाईला काय सांगायचं? चुन्यानेही तेच होतं! लाल दोरे कोणाकोणाचे निघाले? गावातल्या तंबाखूवाल्या बाप्यांचे. आणि बायांमध्ये एकट्या तिच्या सासूचा. बाकी बाया आणि लेकरं पिवळीच. पण नुसतं सांगून चंपत ऐकणार नव्हता.

तिने सासूच्या हातातली डबी ओढली, टोपलीतला दोडका उचलून त्याला चुना चोळला, पुसला, आणि तडक पार गाठला.

"महाराज, याले कोणता ताप हाय, पाहा बरं!"

"टवाळी करतेस काय बाई?"

"दोरा तुमचाच, तीर्थ तुमचंच. भेव कायचं?" तिने स्वतःच दोरा गुंडाळला, वर तीर्थ ओतलं. दोरा लालभडक झाला. "घ्या! दोडक्याले डेंगू झाला!"

पारावर हशा उसळला. कालच ज्याचा दोरा लाल झाला होता, तो देवानंद तोंडात तंबाखू धरून समोरच उभा होता. उज्ज्वलाने त्याचा हात पारावरच्या पाण्याच्या बकेटीत बुडवला, खसाखसा चोळून धुतला आणि नवा दोरा दिला. मूठ उघडली तर दोरा पिवळा.

"काल डेंगू, आज कोरोना? का नुसता चुना धुतल्या गेला?"

"श्रद्धा नसली की दोरा फिरते..." महाराज पुटपुटले, पण त्यांचे हात झोळी आवरायला लागले होते.

"अंजूचे बाबा, गाडी काढा! पोरीच्या हिरड्यांतून रगत येऊन राह्यलं!"

चंपत तीर्थाचं भांडं तिथेच टाकून पळाला. उज्ज्वलाने खोकणाऱ्या सासूलाही गाडीत बसवलं.

सरकारी दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाईंनी आजी-नात दोघींचंही रक्त घेतलं, नाकातला नमुनाही घेतला. अंजूला डेंगू निघाला, आणि प्रयागबाईला कोरोना.

"माह्या ताटातलं सारे जेवले ना वं!" म्हातारीने कपाळावर हात मारून घेतला.

"खोकला पाहून ओळखता आलं असतं का?" उज्ज्वलाने विचारलं.

"नाही. नुसतं पाहून मलाही सांगता येत नाही," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "सुरुवातीला दोन्ही ताप सारखेच दिसतात. कधी एकाच माणसाला दोन्ही होतात. म्हणून तर तपासायचं. पोट दुखतंय, रक्त येतंय, म्हणजे एक घटकाही थांबायचं नाही. आणखी उशीर केला असता, तर माझ्या हातात काही राहिलं नसतं."

सलाईनवर अंजू हळूहळू सावरली. डोळे उघडल्यावर तिने पहिल्यांदा बापाकडे पाहिलं.

"बाबा, मले पुन्ना खोपडीत ठेवसान का?"

चंपत लेकीचे पाय धरून ढसाढसा रडला.

बापहो, तापाचं नाव दोऱ्याला विचारू नका, अंगाऱ्याला विचारू नका. दवाखान्यात जा, रक्त द्या, नाकातला नमुना द्या. आणि कोणी चमत्कार दाखवला, तर 'हे झालं कसं' एवढं विचारायला लाजू नका. उज्ज्वलाने ते विचारलं नसतं, तर बापाला खोपडीचा सवाल करायला अंजू उरली नसती.