एमिल काकांची ओली दाढ

एमिल व्होबोरिल ट्यूबा वाजवून थांबले की बँडवाले आपापले बूट उचलून घेत. त्या फुंकायच्या पितळी राक्षसाच्या पोटातून जी लाळ निघे तिच्यावर एका कोरड्या साली तर्नोव्हा गावातला अर्धा एकर मका पिकला, असं सांगतात. मका कुणी पाहिलेला नाही, पण लाळ सगळ्यांनी पाहिली आहे.

आणि अख्ख्या नेब्रास्कातली कोरडी तोंडं सोडून त्यांच्या पुतणीने, मिलाडाने, परीक्षेसाठी धरलं ते नेमकं हे तोंड.

धरलं म्हणजे नाइलाजाने. त्या काळी दातांच्या डॉक्टरला परवाना हवा असेल तर परीक्षेला रोगी आपला आपणच आणावा लागे. कीडसुद्धा मापाची हवी. फार खोल नको, फार उथळ नको, दोन दाढांच्या मधोमध हवी. पोरं वर्षभर लग्नात, चर्चमध्ये, धान्याच्या कोठारावर लोकांच्या जांभया हेरत हिंडायची. मिलाडाला मागच्या खेपेला एक देखणी कीड मिळाली होती. तिने तीत पांढरा मसाला भरला, कडेला ओल राहिली, परीक्षकाची सुई फटीत अडकली आणि ती नापास झाली. आता पुन्हा नापास झाली तर आणखी एक वर्ष कॉलेज. इकडे गावातले म्हातारे डॉक्टर वारल्यापासून दवाखान्याला कुलूप होतं. गावकीने ती जागा शरद ऋतूपर्यंत तिच्यासाठी राखली होती. त्यानंतर तिथे ट्रॅक्टरच्या सुट्या भागांचं दुकान येणार होतं. दात दुखला तर नव्वद मैल, तेही बर्फातून.

परीक्षा ओमाहाला होती. एका दालनात साठ खुर्च्या, आणि मिलाडाचा नंबर सत्तेचाळीस. परीक्षक वरच्या मजल्यावर. ते परीक्षार्थीला बघत नसत, फक्त तोंड बघत. काम झालं की रोगी वर जायचा आणि तपासून खाली यायचा. रिकाम्या हाताने आला तर बरं. हातात पिवळी चिठ्ठी असली तर संपलं.

फॉर्मवर मिलाडाने 'पांढरं' असं लिहून दिलं होतं, कारण काकांची अटच तशी होती. बँडमध्ये अकॉर्डियन वाजवणाऱ्या आल्बिना बाई चार वर्षांपूर्वी विधवा झालेल्या, आणि त्यांच्यासमोर हसताना तोंडात लोखंड दिसू नये, असं काकांच्या मनात होतं. पांढरं भरणार असशील तर तोंड उघडतो, नाहीतर ट्यूबाला उघडीन, असं त्यांनी बजावलं होतं.

कीड खरवडता खरवडता खाली खाली गेली, थेट हिरडीच्या काठापर्यंत. तिथून रक्त पाझरायला लागलं. दाढेभोवती ताणलेल्या रबरी पडद्याखालून लाळ वर चढली. ओढून घेणारी नळी गुरगुरून दमली. मिलाडाने खड्डा वाळवला आणि दहा आकडे मोजले. कोपऱ्यात पुन्हा काहीतरी चमकलं. तिने परत वाळवला. ते परत चमकलं. हातमोज्याच्या आत तिचे तळवे काकांच्या तोंडाइतकेच ओले झाले होते, आणि मागच्या खेपेची ती फट तिला डोळे उघडे ठेवूनही दिसत होती.

तिचे गुरुजी म्हणायचे, पांढरा मसाला मानी असतो. थेंबभर पाणी दिसलं की तो धरत नाही, आणि वरून मात्र छान हसत राहतो. पारा कालवलेली चांदी गावठी. तिला थोडी ओल चालते, पण चिकटणं तिच्या रक्तात नाही. तिला बरणीसारखा, वर अरुंद आणि खाली रुंद खड्डा करून द्यावा लागतो, म्हणजे ती अडकून बसते.

उत्तर समोर होतं. भीती होती ती काका उठून जातील याची. सकाळीच एकोणीस नंबरच्या खुर्चीतला माणूस 'गाडी हलवून येतो' म्हणून गेला होता, तो अजून यायचा होता. त्या खुर्चीवरचा परीक्षार्थी मुलगा टाइलवर बसून भिंतीकडे बघत होता. मिलाडाने त्याच्याकडे एकदा पाहिलं आणि पुन्हा पाहिलं नाही.

"काका," ती खाली वाकून म्हणाली, "पांढरं टिकणार नाही. चांदी भरावी लागेल."

पडद्याच्या वर काकांचे दोन्ही डोळे गोल झाले. खुर्ची करकरली, त्यांनी एक पाय खाली टाकला. काकांनी हात पुढे केला. तिने पेन्सिल दिली, तसं त्यांनी छातीवरच्या कागदी रुमालावर लिहिलं: दिसेल?

नाही म्हणणं सोपं होतं. इतक्या मागची दाढ बघायला माणसाला गाडीखाली शिरल्यासारखं उताणं शिरावं लागलं असतं. पण काका हसायचे तेव्हा त्यांचा पडजिभेपर्यंतचा मुलूख उघडा पडायचा.

"मोठ्याने हसलात तर दिसेल," ती म्हणाली. "आणि तुम्ही हळू कधी हसलात?"

काकांची बोटं खुर्चीच्या हातावर ट्यूबाच्या कळा दाबत राहिली. एक अख्खी पोल्का, नाचाची धून, वाजून झाली. मग पाय वर आला आणि रुमालावर दोन अक्षरं उमटली: भर.

मिलाडाने हात वर केला. देखरेखीच्या बाईंनी फॉर्मवरचा बदल मंजूर केला आणि घड्याळाकडे बोट दाखवून त्या निघून गेल्या. तिने बरणी कोरली, दाढेभोवती पत्र्याची पट्टी आवळली, चांदी दाबली. दाबताना ती ताज्या बर्फासारखी कुरकुरली. पट्टी काढताना तिने श्वास रोखला, कारण कोवळी चांदी तिथेच तुटते. तुटली नाही. राहिलं चावून बघणं.

आता या जबड्याबद्दल सांगायला हवं. एका जत्रेत वादळ आलं तेव्हा एमिल काकांनी मांडवाचा दोर तीन पोल्का होईपर्यंत दातांत धरला होता, आणि मांडवात त्या वेळी नाचणारे होते, गायही होती.

"काका, बाळाच्या गालाला चावल्यासारखं," मिलाडा म्हणाली. "आणि आज दिवसभर त्या बाजूने काही खायचं नाही."

काकांनी तसंच केलं आणि ते वर गेले.

वीस मिनिटं झाली. चाळीस झाली. काकांच्या नंतर गेलेले तिघे रिकाम्या हाताने खाली आले. मग जिन्यात काकांचे बूट वाजले. त्यांच्या हातात कागद होता. पिवळा.

मिलाडाने खुर्चीची पाठ धरली. काका जवळ आले तेव्हा तिला त्यांच्या हनुवटीवरची काळी खसखस दिसली.

"आल्बिनाने कोलाचे दिले होते, खसखशीचे गोड पाव, पोरी," ते सुन्न ओठांनी बोबडं म्हणाले. "वर फार वेळ बसवलं." पिवळा कागद म्हणजे लोण्याने भिजलेलं वेष्टन होतं.

"तपासायच्या आधी खाल्लंत?"

"आधी."

"कुठल्या बाजूने?"

काकांनी विचार केला. "उजव्याच असणार. डावीकडे मला तोंड आहे की नाही तेच कळत नव्हतं."

भरलेली दाढ डावीकडची. मिलाडाने त्यांना बसवलं, आरसा आत घातला. चांदीच्या कडेला काळा ठिपका होता. फट. तिच्या कानात साठही खुर्च्या गुणगुणायला लागल्या. तिने सुई टेकवली. ठिपका हलला, घरंगळला आणि जिभेवर पडला. खसखशीचा दाणा. कड जिथल्या तिथे होती. तरी पाचचा भोंगा होऊन देखरेखीच्या बाई सत्तेचाळीसपुढे बरोबरची खूण करून पुढे जाईपर्यंत तिने आरसा खाली ठेवला नाही. काकांना तोपर्यंत तोंड मिटता आलं नाही.

सप्टेंबरात दवाखान्याचं कुलूप निघालं. पहिल्या आल्या आल्बिना बाई. त्या खुर्चीत बसल्या, पर्स मांडीवर घेतली आणि म्हणाल्या, "मला एमिलसारखी चांदी भर. तो हसला की मागे चमकते, आणि माझा सूर चुकतो."

मिलाडाने त्यांना तोंड उघडायला लावलं आणि काहीही बघायच्या आधी ते किती ओलं आहे ते बघितलं.