उताराखालचं रान

मायाक्काला कुणाचं बरं झालेलं कधी खुपलं नाही, असं लवणवाडीतलं कुणीही सांगितलं असतं. ते खरंच होतं. लवणवाडीत कुणाचं खुपावं इतकं बरं कधी झालंच नव्हतं! सांगोल्याच्या दक्षिणेकडच्या त्या माळावर सगळ्यांचीच जमीन मुरमाड, आणि सगळ्यांच्याच विहिरी संक्रांतीनंतर तळ दाखवायच्या. एकाची मेंढरं थोडी जास्त, दुसऱ्याची थोडी कमी, एवढाच काय तो फरक. एखाद्या वर्षी रोग आला की तोही उरत नसे.

दिवाळी सरली की मायाक्काचं आणि तिची शेजारीण सोजरबाईचं, अशी दोन्ही घरं मेंढरं घेऊन नातेपुत्याकडे निघायची. तिकडे कालव्याखालची काळी रानं. पीक निघालेल्या रानात बागायतदार रात्री मेंढरं बसवून घेतात. रानाला लेंडीखत मिळतं, आणि त्याबदल्यात धनगराला ज्वारी. मानसिंग नावाच्या बागायतदाराच्या रानात या दोघींची मेंढरं वर्षानुवर्षं बसत आली होती. मानसिंगाचा बंगला तीन मजली. बंगल्याच्या मागे त्याच्या गड्यांच्या पत्र्याच्या खोल्या, इतक्या बुटक्या की माणसानं वाकूनच आत जावं.

मायाक्काची धाकटी लेक रुपाली सहावीत होती तेव्हा तिनं तिथं एकदा विचारलं होतं, "आये, हितं एक घर एवढं मोठं आन् बाकीची एवढी बारकी. आपल्या वाडीत तसं का न्हाय?"

मायाक्का चुलीपुढे भाकरी थापत होती. ती म्हणाली, "आपल्या वाडीत कुणाकडं चार एकर असू दे, न्हायतर चौदा. पिकतंय का काय? मग चार काय आन् चौदा काय, सारखंच की. हितं कालवा आला आन् जमिनीचं सोनं झालं. ज्याच्याकडं चौदा होती त्यो कुठल्या कुठं गेला. ज्याच्याकडं नव्हतीच, त्यो त्याचाच गडी झाला."

"म्हंजे पाण्यानं गरीब केलं व्हय?"

"पाण्यानं न्हाय गं बाई. पाणी आलं तवा कोण कुटं हुबं होतं, त्यानं."

सोजरबाई शेजारी बसून कालवण ढवळत होती. ती फिस्सकन हसली. "माये, तू मास्तरीण व्हायची राह्यलीस बघ!"

बंगल्याकडे बघून दोघींच्या पोटात कधी दुखलं नाही. डोंगर आपल्यापेक्षा उंच आहे म्हणून कुणी डोंगरावर जळत नाही. मानसिंग त्यांच्या लेखी डोंगरच होता.

मग दोन वर्षांपूर्वी योजनेचं पाणी लवणवाडीला आलं. वाडीच्या मधोमध पाट खणला गेला. पाणी उतारानं जाणार, त्यामुळे पाटाच्या खालची रानं भिजली आणि वरची होती तशीच राहिली. सोजरबाईचं रान पाटाच्या खाली होतं. मायाक्काचं वर. दोन रानांच्या मध्ये फक्त तो पाट. उडी मारली तर कोरड्या पायानं पलीकडे जाता यावं, इतका अरुंद.

पहिल्या वर्षी सोजरबाईनं मका केली. दुसऱ्या वर्षी तिच्या पोरानं, बिरुदेवानं, डाळिंबाची रोपं लावली. मेंढरं विकून गाय आणली. मायाक्का रोज सकाळी दारात उभी राहायची आणि तिचे डोळे आपोआप खाली वळायचे. इतकं हिरवं तिनं पूर्वी फक्त नातेपुत्यात पाहिलं होतं, आणि ते परक्याचं होतं. हे सोजरीचं होतं. त्याच सोजरीचं, जिच्या पायातला काटा तिनं दातानं काढला होता.

सगळ्यात जास्त तिला छळलं ते मिक्सरनं. शेंगदाण्याची चटणी दोघी इतकी वर्षं एकाच उखळात कुटत आल्या होत्या. एक मुसळ उचलायची, दुसरी हातानं कूट सारायची, आणि वाडीतल्या यच्चयावत माणसांची निंदा त्या उखळात पडायची. बिरुदेवानं सोलापुरातून, शुक्रवार पेठेतल्या दुकानातून मिक्सर आणला. आता सकाळी सोजरबाईच्या घरातून घर्रर्र आवाज येई, आणि मायाक्का एकटीच मुसळ आदळी, जरा जास्तच जोरात.

"उखळ फोडतीस का काय?" तिचा नवरा तात्याबा म्हणायचा.

"माझं उखळ हाय. फोडीन न्हायतर ठेवीन."

यंदा दिवाळी झाली आणि सोजरबाई पाट ओलांडून वर आली. पदराआड ताजी कणसं होती. मायाक्कानं कणसं घेतली, पण बस म्हणाली नाही. सोजरबाई आपण होऊनच बसली.

"माये, औंदा नात्यापुत्याला जाऊ नगंस. खालच्या अंगाला नवी रोपं लावायचीत बिरूला. रान मोकळं हाय. तुझी मेंढरं माझ्याच रानात बसव की. मानसिंग देतोय तेवढी जवारी मी दीन. वर चार पायल्या जास्त."

मायाक्काच्या हातातलं कणीस तसंच राहिलं. मानसिंगाकडून ज्वारी घेताना तिला कधी काही वाटलं नव्हतं. सोजरीच्या हातून घ्यायची?

"बगू," ती म्हणाली.

सोजरबाई गेल्यावर तात्याबा म्हणाला, "बगू काय त्यात? घर सोडायला नगं, चालायला नगं. आन् पोरीची शाळा?"

तीच तर गोम होती. रुपाली आता आठवीत होती. दरवर्षी दिवाळीनंतर तिची शाळा मोडायची. गणिताच्या बाईंनी यंदा घरी येऊन सांगितलं होतं, पोरगी हुशार आहे, पण आणखी एकदा निम्मं वर्ष बुडालं तर ती मागे पडेल ती पडेलच. रुपाली दाराआड उभी राहून ऐकत होती. आताही ती नुसती आईकडे बघत राहिली.

"सोजरीची मोलकरीण हू व्हय मी?" मायाक्का नवऱ्यावर उखडली.

"मानसिंगाची झालीस तवा?"

"त्यो मानसिंग हाय!"

तात्याबाला हे काही समजलं नाही. मायाक्काला तरी कुठं नीट समजलं होतं? पण लेकीचं तोंड बघून ती हो म्हणाली.

ठरल्या दिवशी ऊन कलल्यावर तिनं मेंढरं पाटाखाली उतरवली. तात्याबा आणि ती मिळून मेंढरांभोवती जाळी लावू लागली. सोजरबाई बांधावर येऊन उभी राहिली आणि हात लांब करून म्हणाली, "माये, त्या कडंला घे गं जरा. तितली माती हलकी हाय."

शब्द अगदी साधे होते. पण मानसिंगाचा मुकादम बांधावर अस्साच उभा राहायचा, अस्साच हात करायचा. मायाक्कानं जाळीचा खुंटा खाली टाकला.

"हुकूम सोडायला लई लवकर शिकलीस गं सोजरे."

"हुकूम? कसला हुकूम?"

"ह्योच. कडंला घे, हिकडं घे. उद्या पत्र्याची खोली बांध माझ्यासाठी मागच्या अंगाला. तितनंच येत जाईन कामाला."

सोजरबाईचं तोंड उतरलं, मग लाल झालं. "मी काय चोरून आणलं का पाणी? उतार काय मी केला? दोन वरीस बगतीय, तू माझ्या दारात पाय ठेवीनास. कणसं आणली तर मेंढरांपुढं टाकलीस. रुपालीनं सांगितलं मला."

"टाकली! माझी मेंढरं हायत, मी टाकीन."

"जळतीस तू माझ्यावर."

"व्हय, जळते!" मायाक्का ओरडली. "मानसिंगावर कशाला जळू? त्याच्या उखळात चटणी कुटलीय का मी? तुझ्यावर जळते. तू माझ्याएवढीच होतीस."

तात्याबा उगाच एका मेंढीचा पाय तपासत बसला.

मग सोजरबाई बांधावरच बसली आणि म्हणाली, "मग काय करू सांग. जवारी चार पायल्या अजून वाढवू?"

"जवारी नगंच मला. जवारी घेतली की मी खाली आन् तू वर, कायमची. पाटाशेजारची चिंचोळी पट्टी हाय न्हवं तुझी, डाळिंबाला नगं म्हणून टाकलेली? ती औंदा मला कसायला दे. खत माझं, पाणी तुझं. मी कडवळ पेरीन मेंढरांना. निम्मा चारा तुझ्या गाईला."

"बिरू कावंल."

"कावू दे. त्याला न्हाऊ घातलंय मी."

बिरुदेव कावला. त्या पट्टीतही रोपं बसतात, असा त्याचा हिशेब होता. आणि त्याचा हिशेब काही खोटा नव्हता. दोन दिवस माय-लेकरांत बोलणं नव्हतं. शेवटी पट्टी मिळाली, पण एकाच वर्षासाठी. पुढच्या वर्षी काय, ते बिरुदेवानं सांगितलं नाही, आणि मायाक्कानंही विचारलं नाही. रुपाली मात्र दप्तर घेऊन रोज शाळेला जाऊ लागली.

कडवळ गुडघ्याला लागलं तशी मायाक्का रोज पट्टीत जाऊन उभी राहू लागली. काम नसलं तरी. सोजरबाईचं डाळिंब अजून खुपायचंच. ते काही गेलं नव्हतं. पण आता बघायला दुसरंही काही होतं.

एक दिवस माळावरची मुक्ताबाई पाटाच्या कडेला येऊन थांबली. तिचं रान मायाक्काच्याही वर, पार खडकात. दोन शेळ्या तिच्या मागं हाडं मोजून घ्यावीत अशा उभ्या होत्या.

"तुझं बरं हाय बाई," मुक्ताबाई म्हणाली. "तुला खालची माणसं इचारत्यात."

मायाक्काला तो आवाज ओळखीचा वाटला. तो तिचाच होता, गेल्या दोन वर्षांचा.

"पेंडीभर देतीस का शेळ्यांना?"

मायाक्काच्या तोंडावर आलं होतं, निम्मा चारा सोजरीचा आहे, मेंढरं पोटुशी आहेत, पुढं उन्हाळा आहे. सगळं खरं होतं. ती विळा घेऊन खाली बसली आणि कापू लागली. पेंडी झाली तशी तिला ती फार मोठी वाटली. तिनं त्यातलं मूठभर काढलं. ते हातात धरून ती क्षणभर तशीच बसली. मग तेही पेंडीत कोंबलं आणि घाईघाईनं ती बांधून मुक्ताबाईच्या डोक्यावर दिली.

मुक्ताबाई चढ चढून दिसेनाशी होईपर्यंत मायाक्काची नजर त्या हिरव्या भाऱ्यावरच होती.

मागून सोजरबाईचा आवाज आला. "जीव तुटतोय न्हवं?"

"गप बस," मायाक्का म्हणाली. जरा थांबून पुटपुटली, "लई तुटतोय."

"माझा तर ह्या पट्टीपायी रोज तुटतोय," सोजरबाई म्हणाली, आणि बांध ओलांडून तिच्या शेजारी येऊन बसली.