इस्त्रीवालीचा नंबर

"यातलं एकच खातं ठेवता येईल," बँकेच्या काउंटरवरची मुलगी संगणकातून डोकं वर न काढता म्हणाली. "कोणतं ठेवू?"

इस्त्रीवालीच्या तोंडचं पाणी पळालं. अख्ख्या गल्लीत फोन तिच्या एकटीकडे. बँकेने सगळा कारभार फोनवर नेला तेव्हा शेजारणी हवालदिल झाल्या, आणि हिनेच छातीठोकपणे सांगितलं, माझा नंबर द्या, मी आहे ना! धुणंभांडीवाली, भाजीवाली, कोपऱ्यावरची म्हातारी, सगळ्यांची खाती तिच्या नंबरावर. कुणाचे पैसे आले की ही दारोदार सांगत फिरायची. थोडी मिरवायचीही, खोटं कशाला बोलायचं! पण त्या मेल्या यंत्राला शेजारधर्म काय कळणार? एका नंबरावर इतक्या बायका म्हणजे लबाडांची टोळीच, असं ठरवून त्याने काल सगळ्या खात्यांना कुलूप ठोकलं.

तिने परोपरीने विनवून पाहिलं. सह्या घ्या, अंगठे घ्या, पण ज्याचे त्याचे पैसे हातात द्या म्हणाली. मुलगी तशी वाईट नव्हती. शाखेत आता रोकड ठेवतच नाहीत, म्हणाली. बाकीच्यांनी आपापला फोन आणावा, मग अर्ज वर जाईल, महिना-दीड महिना लागेल. फोन घ्यायचे पैसेही त्याच कुलपात अडकलेत, हे तिला सांगून काय उपयोग?

इस्त्रीवालीच्या नवऱ्याची मूत्रपिंडं निकामी झाली होती. त्याचं रक्त मशीनवर शुद्ध करून घ्यावं लागे, आणि आधी पैसे भरल्याशिवाय दवाखाना त्याला हात लावत नसे. काल पैसे निघाले नाहीत म्हणून त्याला तसंच परत पाठवलं होतं. सकाळपासून तो धापा टाकत घरी पडून होता. आज नाही झालं तर तो जाणार, हे तिला कुणी सांगायला नको होतं.

"माझं ठेवा," ती म्हणाली. बोलताना तिला स्वतःचीच किळस आली.

बाहेर पायऱ्यांवर सगळ्याजणी बसल्या होत्या. तिला बघून उठल्या. झालं का गं काम, असं धुणंभांडीवालीने विचारलं.

"एकच सुटलं. माझं."

त्यांनी चार शिव्या घातल्या असत्या तर बरं वाटलं असतं. भाजीवालीने तोंड फिरवलं. म्हातारीची तर जन्माची पुंजी त्या खात्यात होती.

"त्याला दवाखान्यात न्यायला रिक्षा लागेल," म्हातारी म्हणाली. "सुटे आहेत का?"

इस्त्रीवालीने मान हलवली. नव्हते. म्हातारीने पिशवीत हात घालून तळाशी होती नव्हती तेवढी चिल्लर चाचपडून बाहेर काढली आणि तिच्यापुढे धरली.

नको म्हणायला हवं होतं. इस्त्रीवालीने हात पुढे केला.